शेजाऱ्याचा काटा

दसऱ्यानंतरच्या पहिल्या बुधवारी दांडवेळच्या किनाऱ्यावर भर दुपारी पंगत बसते. गावातले सगळे पुरुष दोघादोघांच्या जोडीने वाळूत बसतात, पानात भिंग नावाचा मासा पडतो आणि प्रत्येकाचा हात आपले पान सोडून शेजाऱ्याच्या पानात जातो. मी तुझ्या माशातले काटे काढायचे, तू माझ्या. नवखा माणूस हे बघून हसतो. तुम्हीही हसून घ्या, पण जेवायला बसण्याआधी ही रीत कशी पडली ते ऐका.

तेव्हा या किनाऱ्यावर फिरंग्यांचा अंमल होता. भाद्रपदातल्या वादळात मराठ्यांचे एक गलबत समोरच्या खडकावर फुटले. त्यावरचा रायाजी ढमाले नावाचा शिपाई पहाटे लाटांनी इथे आणून टाकला. गडी मावळातला, डोंगरात वाढलेला. समुद्र त्याने त्या वर्षी पहिल्यांदा पाहिला होता म्हणे. पाय मोडलेला, अंगात ताप, आणि चारी बाजूंना शत्रूच्या चौक्या. फुटलेल्या गलबतावरचा माणूस ज्याच्या घरात सापडेल, त्याची होडी आणि घर दोन्ही जाळायचे, असा फिरंग्यांचा हुकूम होता.

धाकली कोळीण त्याला घरी घेऊन आली. तिचा एकुलता एक पोर आदल्या वर्षी दर्यात गेला होता. त्याचाच कमरेचा कोळी रुमाल तिने रायाजीला नेसवला आणि बहिणीचा मुलगा म्हणून घरात ठेवला. गाव काय समजायचे ते समजले आणि भेदरले. गोमा पाटील रोज तिच्या दारात येऊन उभा राहायचा.

“धाकले, कवा धाडतेस त्याला? तुज्या एकीपायी आख्खा कोळीवाडा जलंल.”

“पाय तर जुळू दे त्याचा, पाटील. असा लंगडा कुठं धाडू?”

पाटील चरफडत जायचा. त्याचे चुकत नव्हते, हे धाकलीला कळत होते. वाळूत पाऊल वाजले तरी ती हातातले काम टाकून दाराशी धावायची. म्हणून तिने रायाजीला झपाट्याने कोळी करायला घेतले. जाळे विणायला शिकवले, वल्हे धरायला शिकवले, इथली बोली शिकवली. एक गोष्ट तेवढी राहिली. जेवायला बसला की ती त्याच्या माशातले काटे स्वतः काढून द्यायची. पोराला द्यायची तसेच. त्या घटकाभरात तिला बरे वाटायचे, असे सांगतात.

सव्वा महिन्याने, दसऱ्यानंतरच्या पहिल्या बुधवारी सकाळी फिरंग्यांच्या शिपायांनी गावाला वेढा घातला. त्यांच्याबरोबर त्यांचा दुभाषा होता, मोठा बेरकी माणूस. त्याने आवाज चढवला नाही, कुणाला मारले नाही. गावातल्या सगळ्या पुरुषांना किनाऱ्यावर पंगतीला बसवा आणि भिंग वाढा, एवढेच तो म्हणाला. भिंग म्हणजे केसासारख्या बारीक काट्यांनी भरलेला मासा. किनाऱ्यावरचे पोर तो बोलता बोलता खाते, घाटावरच्या माणसाच्या मात्र तो घशातच बसतो. पलीकडच्या गावात दोन शिपाई असेच सापडले होते. त्या गावाचा धूर दांडवेळकरांनी पाहिला होता.

वाढायला बायका होत्या. धाकली भांडे घेऊन रायाजीच्या रांगेकडे निघाली. सगळे शिकवले आणि हेच शिकवले नाही! माझ्याच लाडाने याचा जीव जाणार आणि गाव जळणार, हे तिला लख्ख दिसत होते. रायाजीच्या पानात मासा वाढताना तिला त्याच्याकडे बघवले नाही.

रायाजीच्या शेजारी गोमा पाटील बसला होता. दुभाषा ‘सुरू करा’ म्हणाला, आणि पाटलाने हात लांब केला तो थेट रायाजीच्या पानात. शांतपणे तो त्याचे काटे काढू लागला.

“हे काय?” दुभाषाने विचारले.

“आमच्या गावाची रीत हाय, साहेब. शेजाऱ्याचा काटा शेजाऱ्यानं काढायचा. सणाला आमी असंच जेवतो.”

असली काही रीत नव्हती. पण पंगतीतले सगळे हात एकमेकांच्या पानात गेले, एकही चुकला नाही.

आता पाटलाचा मासा रायाजीपुढे होता. दुभाषा त्या दोघांसमोर येऊन उभा राहिला. रायाजीने महिनाभर धाकलीची बोटे पाहिली होती, तशीच त्याने आपली चालवली. बघणाऱ्याला काही खोट दिसली नसती. मधला मोठा काटा निघाला, बारीक सगळे आत राहिले. पाटलाने पहिला घास घेतला तेव्हाच त्याला ते कळले असणार. तरी तो जेवत राहिला. थुंकला नाही, खाकरला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी आले.

“धाकले,” तो म्हणाला, “मिरची लय टाकलीस गं.”

“हात सुटला माजा, पाटील,” ती कशीबशी म्हणाली, आणि त्याने मागितला तेवढा भात वाढत राहिली. पाटलाने पान स्वच्छ केले. दुभाषाने ते पाहिले. तुमची ही रीत पुढच्या वर्षीही बघायला येईन, असे बजावून तो निघून गेला.

पाटलाचा गळा त्या संध्याकाळीच सुजला. धाकली पेज घेऊन त्याच्याकडे बसून असायची, पण पेजही उतरेना. रायाजी त्याच्या पायांशी बसून रडला, तर पाटलाने त्याला हाताने खुणावले, जा म्हणून. चौथ्या दिवशी गावाने रायाजीला मासळीच्या होडीत घालून त्याच्या मुलुखाकडे पोचवले. सहाव्या दिवशी गोमा पाटील गेला.

दुभाषा सांगितल्याप्रमाणे पुढच्या वर्षी आला, आणि गाव पुन्हा तसेच बसले. तो दर वर्षी येत राहिला म्हणून सात वर्षे बसले. मग फिरंगी गेले, दुभाषा गेला, पण पंगत कुणी मोडली नाही.

आजही ती बसते. शेजाऱ्याची बोटे कितीही सराईत असली तरी एखादा काटा राहतोच. तो लागला तर दांडवेळचा माणूस खाकरत नाही. भाताच्या घासाबरोबर गिळतो आणि आपल्या बायकोला हाक मारून सांगतो, मिरची लय टाकलीस गं.