अकरावं मिनिट

"...मग खरं सांगितलं हीच माझी चूक का, बाबा? गप्प बसायला हवं होतं मी?"

सुमेध ढोके कमालशाह बाबांना विचारत होता. गावाबाहेरच्या आपल्या तकियात, फकिरांच्या त्या जुन्या ठिकाणी, बाबा विहिरीच्या कठड्याला टेकून बसले होते. गुडघे आखडलेले, पाठीला बाक आलेला. चाळीस वर्षं याच विहिरीचं पाणी पीत आले होते ते.

सुमेध याआधी एकदाच त्यांच्याकडे आला होता. तेव्हा त्याची ऐट वेगळी होती. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे दोन थेंब टाकायचे, नळी फोनला लावलेल्या काळ्या डबीत ठेवायची. पाण्याचा रंग बदलतो, कॅमेरा तो रंग वाचतो आणि पाण्यात फ्लोराइड किती ते फोनवर उमटतं. ही डबी त्यानं स्वतः घडवली होती.

बाबा त्याला म्हणाले होते, बारा वर्षांपूर्वी काही साहेब येऊन या विहिरीच्या पाण्याच्या बाटल्या भरून घेऊन गेले. निकाल काही आला नाही.

सुमेध हसला होता. त्यांना बारा वर्षांत जमलं नाही ते माझा फोन दहा मिनिटांत करतो, म्हणाला.

"आणि अकराव्या मिनिटाला?" बाबांनी विचारलं होतं.

म्हाताऱ्याला काही कळलेलं नाही, असं समजून तो पुढच्या गावी, हिवरधऱ्याला निघून गेला होता.

तिथल्या हातपंपाचा आकडा वाईट निघाला. सुमेधनं चावडीवर लोक गोळा केले. हे पाणी हाडं वाकवतं, दातांवर डाग पाडतं, उकळूनही त्यातलं फ्लोराइड जात नाही, असं समजावून सांगितलं. फोनचा लाल पडदा सगळ्यांना दाखवला. लोक घाबरले. दुसऱ्या दिवसापासून पंपावर कुणी फिरकेना. बायका नाल्यावर जाऊ लागल्या.

महिन्याभरात जुलाबाची साथ आली. दोन लेकरं गेली.

सुमेध भेटायला गेला तेव्हा त्याच्या अंगावर कुणी धावून आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला अजून वाटत होतं. गेलेल्या एका मुलीचा बाप नुसता म्हणाला, "भाऊ, नाल्याचं पाणी तपासायचं राहिलं का तुमचं?"

हे सगळं त्यानं आता बाबांना सांगितलं होतं. सांगताना खाली मातीकडेच बघत होता.



"या विहिरीचं बघ," बाबा म्हणाले.

"नको, बाबा."

"बघ."

त्यानं पाणी शेंदलं. नळी भरली, औषधाचे थेंब टाकले. दहा मिनिटांनी आकडा आला : चार पूर्णांक दोन दशांश. दीडच्या वर गेलं की पिऊ नये, हे त्याला पाठ होतं. त्यानं फोन पालथा घातला.

तेवढ्यात गावातली सुभद्रा आत्राम हंडा घेऊन आली. काखेत चार वर्षांची पोर. सुमेधची डबी बघून थांबली.

"काय निंगालं, भाऊ?"

त्यानं बाबांकडे पाहिलं. बाबा विहिरीत बघत होते.

"...चांगलं नाही, ताई."

"मंग कोनतं पानी पेवाव?"

आसपासच्या सगळ्या विहिरी, सगळे पंप त्यानं मोजले होते. सगळे आकडे त्याच्या फोनमध्ये होते; एकही दीडच्या खाली नव्हता. 

सुभद्रा वाट बघत उभी राहिली. मग तिनं पोरीला खाली ठेवलं आणि बादली विहिरीत सोडली.

सुमेधला राहवेना. झोळीतून त्यानं शहरातून आणलेल्या पाण्याची बाटली काढली आणि तिच्यापुढे धरली. निदान लेकराला तरी हे पाजा, म्हणाला.

तिनं बाटलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. रागावली नव्हती.

"आज पाजलं तं उद्या बी मांगन पोरगी. उद्या कोठून आनू?"

हंडा भरला. तिनं तो डोक्यावर घेतला, पोरीचं बोट धरलं आणि गावाकडे चालू लागली. लांब जाईपर्यंत सुमेध तिच्याकडे बघत राहिला. बाटली तशीच हातात.

"बाबा," तो म्हणाला, "निदान तुम्ही तरी घ्या."

बाबांनी हात पुढे केला. बाटली घेतली. कठड्याला धरून, कण्हत उठले. बूच काढलं. आणि ते सगळं पाणी, सावकाश, विहिरीत ओतलं.

खाली धार पडल्याचा आवाज आला... मग तोही थांबला.

 बाबांनी रिकामी बाटली सुमेधच्या हातात दिली.

"आता मोज. किती उतरला आकडा?"