जावयाने बंदुकीला केलेला आग्रह

डोंगरातल्या एका गावात एक भोळा जावई बायकोला न्यायला आला होता. नाव लिंबाजी. बायको हौसा माहेरी येऊन चार महिने झाले होते आणि लिंबाजीला तिच्यावाचून करमत नव्हतं. पण सासरे केरबा पडले नावाजलेले शिकारी. त्यांनी अट घातली, ठासणीची बंदूक एकदा तरी नीट भरून दाखवा, मग लेक खुशाल न्या.

सकाळी घरामागच्या नाचणीत सांबर शिरलं. लिंबाजीने नळीत चिमूटभर दारू घातली, वर चार बारीक छर्रे. केरबांनी चाप ओढला. फुस्स झालं. सांबराने माशी बसल्यासारखा कान हलवला आणि ते खात राहिलं.

"अवो जावयबापू, जनावर बगून माल भरायचा," केरबा म्हणाले. "बारक्या भेकराला चिमूटभर दारू आन् छर्रे. सांबराला मूठभर दारू आन् गोळी."

लिंबाजीने ते पाठ केलं.

दुपारी पाटील आणि त्यांचे मेहुणे जेवायला आले. पाटील अगदी काडी, मेहुणे चांगले गरगरीत. वाढायला लिंबाजी. त्याने पाटलांना नीट न्याहाळलं आणि पानात चिमूटभर भात टाकला. मेहुण्यांपुढे पातेलंच उपडं केलं. पाटील पाणी पिऊन उठले. सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी जावयाला आत बोलावून सांगितलं, की अंगकाठी बघून वाढत नाहीत, सगळ्यांना पोटभर वाढतात.

"आन् खानदानी मानूस दोनदा नको म्हनतो, तिसऱ्यांदा घेतो," त्या म्हणाल्या. "आपन आग्रह सोडायचा न्हाई."

लिंबाजीने तेही पाठ केलं.

दुसऱ्या सकाळी सांबर पुन्हा हजर. लिंबाजीने बंदुकीत मूठभर दारू घातली. बंदूक काही बोलली नाही, म्हणजे भूक होती. तो घालत गेला. शेवटी दारू तोंडातून बाहेर सांडली. ही नको म्हणतेय, लिंबाजीने ओळखलं. गजाने ठासून जागा केली, पुन्हा घातली, पुन्हा सांडली. दोनदा नको झालं. तिसऱ्यांदा त्याने मायेने भरवलं आणि वर गोळी बसवली.

केरबांनी घाईघाईत चाप ओढला. अख्खं खोरं हादरलं. नळी केळ्याच्या सालीसारखी उलगडली. केरबा बांधावरून उडाले ते परसातल्या चिखलात पडले. अर्धी मिशी जळाली होती. सांबर मात्र धडधाकट पळालं.

"मामा, लाजत व्हती," लिंबाजी कौतुकाने म्हणाला. "लई आग्रह केला, तवा जेवली."

केरबांनी चिखलातूनच हात जोडले. "जावयबापू, ऱ्हाऊ द्या ती अट. हौसाला घिऊन जावा. आत्ताच्या आत्ता."

हौसा गाठोडं घेऊन दारात आली. लिंबाजीचे डोळे आनंदाने भरून आले. पण आपण खानदानी आहोत, हे सासुरवाडीला दिसायला हवं होतं.

"नको," तो म्हणाला.

केरबांना वाटलं, कानात दडे बसले असावेत. त्यांनी पुन्हा विचारलं, खरंच नेत नाही?

"नको, नको," लिंबाजी लाजून म्हणाला.

हौसा गाठोड्यासकट तरातरा आत गेली आणि धाडकन दार लागलं. लिंबाजी ओट्यावर बसून आहे. तिसऱ्यांदा अजून कुणी विचारलेलं नाही.