लटारी सुताराचा वाकड्या शिंगाचा बैल

गावच्या तळ्याला अजून पाळ बांधलेली नव्हती, इतकी जुनी ही गोष्ट. तेव्हा डोंगरवाहीत लटारी नावाचा सुतार राहायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं जे लाकडी बैल दोरी बांधून घरोघर फिरवायची, ते सारे लटारीच्या हातचे. त्याची एक रीत होती. तयार बैल पोरासमोर धरून तो विचारायचा, "हा बैल कोनाचा?" पोर "माहा", म्हणजे माझा, म्हणालं की मगच हातात द्यायचा. त्या एका शब्दानं लाकडात जीव येतो, असं म्हणतात.

गावची जमीन ज्याची, त्या मालगुजाराचा मुलगा गुणवंत. त्याच्या बैलाचं एक शिंग कानावर वाकलेलं होतं. लाकडात गाठ होती आणि लटारीनं ती छाटली नव्हती. गुणवंताला ते शिंग मुठीत धरल्याशिवाय झोप येत नसे. पण एका वर्षी बापानं नागपुराहून पितळी शिंगांचा, चाकांवर पळणारा बैल आणला आणि जुना बैल गोठ्यामागं जाऊन पडला.

लटारीनं तो पाहिला. पोरगं विसरलं असेल, असं त्या भोळ्या माणसाला वाटलं. भर तान्ह्या पोळ्यात, तोरणाखाली, त्यानं तो पुसून पुढं धरला. "हा बैल कोनाचा?" वाकडं शिंग पाहून पोरं फिदीफिदी हसली. गुणवंत म्हणाला, "माहा नाही."

 लटारी बैल दुपट्ट्यात गुंडाळून घरी गेला.

गुणवंताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पितळी शिंग हाताला गार लागायचं. पुढं तो मोठा झाला, मालगुजार झाला, पण सुताराच्या गल्लीतून कधी गेला नाही. तळ्यामागून लांबचा वळसा घ्यायचा. शेतावर जवळ पडतं, असं सांगायचा. ते साफ खोटं होतं.

एका श्रावणात तो लहानग्या लेकीला, सुगंधाला, आजोळहून आणत होता. नाल्याच्या मधोमध बैलबंडी रुतली, पाणी चढलं आणि बैल जू झटकून पळाले. गुणवंतानं लेकीला खांद्यावर घेतलं आणि हाका मारल्या. काठावर माणसं जमली, पण पाण्यात कोणी उतरेना. तेवढ्यात गावाकडून एक बैल आला. त्यानं एकट्यानं जुवाखाली मान घातली आणि दोन बैलांची बंडी काठावर ओढून आणली. त्याचं एक शिंग कानावर वाकलेलं होतं, असं म्हणतात. गुणवंताला तर ते कोणी सांगावंच लागलं नाही. वळून पाहतो तर बैल नाही.

तो तसाच ओल्या कपड्यांनी लटारीच्या दारात गेला. म्हातारा लाकडी बैलाच्या पायांचा चिखल पुसत होता. लाकडाच्या मानेवर जुवाचा ताजा वळ होता.

"लटारीबा," गुणवंत म्हणाला. मान वर होईना.

"पान्यात उतरतानी यानं इचारलं नाही बापू," लटारी म्हणाला, "का बंडीतला मानूस कोनाचा म्हनून."

पुढचा पोळा लटारीला दिसला नाही. त्या तान्ह्या पोळ्याला गुणवंत मालगुजार वाकड्या शिंगाचा बैल घेऊन पोरांच्या रांगेत उभा राहिला. कोणीतरी विचारावं म्हणून वाट पाहत राहिला. मालगुजाराला विचारणार कोण? शेवटी सुगंधानंच विचारलं, "बाबा, हा बैल कोनाचा?"

त्यानं डोक्यावरचा पटका काढला. "माहा," तो म्हणाला, आणि साऱ्या गावादेखत लहान पोरासारखा रडला.

आजही डोंगरवाहीत तान्ह्या पोळ्याला तो बैल सगळ्यांच्या पुढं असतो. गावातलं सर्वांत लहान पोर विचारतं आणि मोठी माणसं टोपी काढून "माहा" म्हणतात. मगच पोरांना बोजारा, म्हणजे खाऊ, मिळतो. उत्तर देताना बऱ्याच जणांच्या माना खाली असतात. कोणी कुणाला कधी नाकारलं, ते ज्याचं त्याला ठाऊक.