खांद्यावरचा घट्टा

बैल बोलायचे आणि माणसं ऐकायची नाहीत, तेव्हाची गोष्ट. पोवळ्या नावाचा खोंड पहिल्यांदाच बैलबाजारात विकायला आला होता. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्याच्या खांद्यावरून हात फिरवायचं आणि म्हणायचं, “जुवाचा घट्टा नाही. काम केलेला बैल पाहिजे.”

“कुणी जुंपल्याशिवाय घट्टा पडेल कसा?” पोवळ्या विचारायचा.

शेवटी त्यानं बाभळीच्या खोडावर खांदा घासायला सुरुवात केली. घट्टा पडला नाही, जखम झाली. पुढचं गिऱ्हाईक म्हणालं, “हा तर आजारी दिसतो.”

शेजारी एक म्हातारा बैल बांधलेला होता. त्याच्या खांद्यावर चांगला जाड घट्टा होता.

“घासू नकोस. खोट तुझ्यात नाही,” तो म्हणाला. “मलाही कुणी पारखून नेलं नव्हतं. ऐन पेरणीत एकाचा बैल मेला, दुसरा मिळेना, म्हणून त्यानं मला जुंपलं. तुझ्याकडेही असाच कुणीतरी अडलेला येईल.”

“आणि घट्टा पडल्यावर?”

“घट्ट्यावरून हात फिरवून खूश होतात,” म्हातारा म्हणाला. “मग तोंड उघडून दात बघतात आणि म्हणतात, जरा तरुण असता तर नेला असता.”