टिंबूला घरात घ्या!

एक होतं वांग्याचं रोप. पानं किती? पाच! रोपाच्या पोटात राहायचा एक चांगला जंतू, टिंबू. टिंबू केवढा? डोळ्यांना दिसत नाही, एवढासा! पण रोगाला हाकलायचा तोच.

एकदा शेवंताकाकूंनी रोप अंगणात लावायला घेतलं. काकूंना घाण म्हणून खपायची नाही. मुळं घासली, खसाखसा. मुळं धुतली, खळाखळा. टिंबू पडला बाहेर, टप्प!

रोप लागलं मातीत. टिंबू राहिला बाहेर. तेवढ्यात आली काळी बुरशी.

चर चर चर! एक पान गेलं.

टिंबू निघाला, लुटू लुटू.
"मूळदादा, मूळदादा, दार उघड. बुरशी आली!"
मूळदादा म्हणाला, "मी सुकलोय रे. माती पाणी पिईल, तर दार उघडीन."

चर चर चर! दुसरं पान गेलं.

टिंबू निघाला, लुटू लुटू.
"मातीमावशी, मातीमावशी, पाणी पी. मूळ दार उघडेना, मला घरात घेईना. बुरशी आली!"
मातीमावशी म्हणाली, "मी झालेय दगड. गांडूळ भोकं पाडील, तर पाणी पिईन."

चर चर चर! तिसरं पान गेलं.

टिंबू निघाला, लुटू लुटू.
"गांडूळभाऊ, गांडूळभाऊ, भोकं पाड. माती पाणी पिईना, मूळ दार उघडेना, मला घरात घेईना. बुरशी आली!"
गांडूळभाऊ म्हणाला, "पोटात कावळे ओरडतायत! पाला येईल, तर भोकं पाडीन."

चर चर चर! चौथं पान गेलं.

कोपऱ्यात होता पाल्याचा ढीग. टिंबू निघाला, लुटू लुटू.
"पालोबा, पालोबा, लवकर चल. गांडूळ भोकं पाडेना, माती पाणी पिईना, मूळ दार उघडेना, मला घरात घेईना. बुरशी आली!"
पालोबा म्हणाला, "मला कुठे पाय आहेत? काकू उचलतील, तर येईन. पण पळ! त्यांच्या हातात काडेपेटी आहे!"

खर्रर्र! काडी पेटली.

"काकू, काकू, थांबा! पाला वांग्यापाशी टाका! पाला जागचा हलेना, गांडूळ भोकं पाडेना, माती पाणी पिईना, मूळ दार उघडेना, मला घरात घेईना. बुरशी आली!"
"कोण गं बाई बोलतंय?" काकू म्हणाल्या. "अंगणात पाला पसरू? इश्श! लोक काय म्हणतील?"
"काकू, वांग्याची पानं मोजा!"
काकूंनी मोजलं. "एक..."
पुढे पानच नव्हतं.
"अगं बाई, माझं वांगं!" काकूंना रडूच आलं. काडी विझवली, फू!

काकूंनी पाला टाकला, भस्स!
गांडूळभाऊने खाल्ला, मचमच. भोकं पाडली, सुळसुळ.
काकूंनी पाणी ओतलं. मातीमावशी प्याली, गटगट.
मूळदादाने दार उघडलं, कर्रर्र.
टिंबू आत!

बुरशी शेवटच्या पानावर चढली. चर... चर...

टिंबू आतून ओरडला, "पाना, पाना, कडू हो! कडू हो!"
पान झालं कडू. कडूकडू जहर!
बुरशीने चावा घेतला. "थू! थू! थू!" आणि पडली खाली, बद्दकन.

वांग्याने टिंबूला जवळ घेतलं.
"भूक लागली, बाळा?"
"खूप!"
वांग्याने दिला गोड गोड रस. टिंबू पोटभर प्याला आणि तिथेच झोपला.
श्श्श! हळू बोला.