शकुनचं जोडवं

“...पण त्यांनी आयुष्यात केलं काय, बुवा?”

विश्वंभरनं हे तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी मठाच्या ओट्यावर पखवाजाला कणीक लावत बसलो होतो. नथ्थूबुवा सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विश्वंभर हा बुवांचा सगळ्यांत हुशार शिष्य. चार वर्षं बाहेर राहून शिकून आलेला. तोंडात श्लोक, अंगात कडक इस्त्रीचा सदरा, आणि सोवळेपणाचं तर विचारूच नका. त्या दिवशी फटफटीवरून आला, पाय जमिनीला लागले नव्हते, तरी मठात शिरण्याआधी तीन तांबे पाणी पायांवर ओतलं. विहिरीवरून पाणी आणायचं काम माझ्याकडे, म्हणून मला ते तांबे मोजावेसे वाटतात.

उकर्डाजी टाल्यांची तेरवी होती. दहा वाजता प्रवचन, मग पंगती. बुवांचा आवाज बसला होता, म्हणून त्यांनी विश्वंभरला बोलावलं होतं. आमच्या गावात त्याचं पहिलंच प्रवचन.

आणि त्याला बोलायला काही सापडत नव्हतं.

त्यानं आदल्या दिवशी फोनवर चौकशी केली होती म्हणे. उकर्डाजी सरपंच होते का? नव्हते. देवळाला काही दिलं? सगळ्यांनी दिलं तेवढंच. एखादं व्रत, एखादा साक्षात्कार? छे. ब्याण्णव वर्षं जगले. वावर पेरलं, पाच लेकरं वाढवली, दोन पुरली. धाकटा भाऊ लवकर गेला, त्याच्या मुलींची लग्नं केली. बैलांना कधी हाणलं नाही, बायकोला कधी अरेतुरे केलं नाही. आधीची भावंडं जगेनात म्हणून आईनं जन्मताच उकिरड्यावर ठेवून परत उचललेलं पोर, म्हणून नाव उकर्डा. बस, संपलं.

“संसारी माणूस,” विश्वंभर म्हणाला. “चांगला होता, मान्य. पण दृष्टांत कशाचा देऊ?”

त्यानं मग वैराग्यावरचं प्रवचन काढलं. राज्य सोडून वनात गेलेल्या राजाची कथा होती. सुरुवातीला आणि शेवटी उकर्डाजींचं नाव घालायचं, मध्ये राजा. कागद चांगले सहा होते.

बुवांनी सुपारी तोंडात टाकली.

“कोनत्या वाटेनं आला तू?”

विश्वंभर जरा गोंधळला. म्हणाला, दहीगावाहून, धुऱ्यानं. धुरा म्हणजे आमच्याकडे वावराचा बांध. डांबरी रस्त्यानं फार फेरा पडतो, धुऱ्यानं गाडी सुसाट येते.

“धुऱ्यावरून गाडी?”

“हो.”

“सुसाट?”

“हो, बुवा...”

बुवांनी मला खुणेनं उठवलं. विश्वंभरला म्हणाले, “फटफटी ठेव. चपलाबी ठेव. तो धुरा एकडाव आडवा चालून पाह्य. मंग गुंफाबाईले इचार, असा काहून हाय. अन् तुह्या कागदाईचं मंग पाहू.”

थंडीचे दिवस. दव इतकं पडलेलं की काळी माती पायाला लगदाभर चिकटत होती. विश्वंभर धोतर वर धरून बगळ्यासारखा एकेक पाय टाकत होता. मला हसू येत होतं, पण पखवाजवाल्यानं प्रवचनकाराला हसू नये, म्हणून मी तुरीच्या शेंगा पाहत चाललो.

उकर्डाजींचं वावर लांबट, पार दहीगावच्या नाल्यापर्यंत गेलेलं. अलीकडचं टोक त्यांच्या घराच्या परसात. तिथे पोचल्यावर विश्वंभर धुऱ्यावर आडवा चालला. चार मोठी पावलं पडली.

मग त्यानं शेजारचा धुरा पाहिला. त्यापुढचा पाहिला. हातभर. वीतभर. सगळीकडे तेवढाच असतो. आमच्याकडे माणसं धुरा कोरतात. दरसाल वखर थोडा आत घालायचा, बोटभर जमीन आपली करायची. त्यापायी भाऊ भावाचं तोंड पाहत नाहीत.

“हा एवढा रुंद कसा?” त्यानं मला विचारलं.

चाळीस वर्षं मी या धुऱ्यानं येतो-जातो. माझी आई याच धुऱ्यावरून बैलगाडीत दवाखान्यात गेली आणि बरी होऊन परत आली. खरं सांगतो, रुंद का आहे हे मी कधी कोणाला विचारलं नव्हतं. मला तिथे उभ्या उभ्या लाज वाटली.

गुंफाबाई मागच्या ओट्यावर बसल्या होत्या. उकर्डाजींच्या बायको, वय पंच्याऐंशीच्या पुढे. आत पंगतीची गडबड चालली होती. विश्वंभरनं हात जोडले आणि विचारलं.

बाईंनी आधी आत डोकावून पाहिलं, कोणी ऐकत नाही ना. मग हळू आवाजात सांगितलं.

थोरली लेक शकुन दहीगावात दिलेली. लग्नाच्या दुसऱ्या साली पोळ्याला माहेरी आली. पावसाचे दिवस, वाट कसली ती नव्हतीच. कडेवर लेकरू, गुडघ्याएवढ्या चिखलातून या वावरातून चालत आली. घरी पोचली तेव्हा पायात एकच जोडवं. दुसरं चिखलानं गिळलं. सवाष्णीचं जोडवं गेलं म्हणून पोरगी सणाच्या दिवशी रडत बसली. सासरी काय सांगू, म्हणाली. उकर्डाजींनी दोन दिवस चिखल चाचपला. सापडलं नाही. तिला नवीन जोडवी करून दिली आणि पाठवली.

पुढच्या उन्हाळ्यात वखरताना त्यांनी धुऱ्याकडचं शेवटचं तास, म्हणजे वखराच्या एका फेरीची पट्टी, सोडून बैल वळवले.

“मी म्हनलं, हे काहून सोडलं जी? तं म्हने, पोरीचं जोडवं हाय तेथी. त्याच्यावरून वखर कसा घालू?”

बाईंनी पदरानं तोंड पुसलं.

“त्याच्या पुढच्या साली आनखीन एक तास सोडलं. मंग आनखीन एक. मी म्हनलं, जोडवं दरसाल सरकते काय? तं म्हने, हो, सरकते.”

बाई हसल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

सात वर्षांत सात तास सुटली. आठव्या पोळ्याला शकुन बैलगाडीत बसून आली. मग जोडवं सरकायचं थांबलं. पण त्या जागेवर वखर पुन्हा कधी गेला नाही. गाव यायला-जायला लागलं, मजूर बाया, शाळेतली लेकरं, लग्नाची वऱ्हाडं. कोणाला हटकलं नाही. थोरला मुलगा एकदा चिडून म्हणाला, बाबा, एवढं रान फुकट गेलं. तर म्हणाले, “गेलं कुठी? तेथीच तं हाय.”

“शकुनताईंना माहीत आहे हे?” विश्वंभरनं विचारलं.

नाही, म्हणाल्या. उकर्डाजींनी सांगू दिलं नाही. लेकीला वाटेवर पाय टाकताना ओझं वाटेल, म्हणत.

 विश्वंभरनं विचारलं, आज सांगू का?

बाईंनी धुऱ्याकडे पाहिलं. “सांगा. आता ते नाहीत रागवायले. पन देवमानूस-गिवमानूस म्हनू नका, महाराज. ते आमचे साधे होते.”

दहा वाजले. मांडव भरला. विश्वंभर आसनावर बसला, कागद काढले, आणि मांडीखाली ठेवून दिले.

त्यानं जोडव्याची हकिकत सांगितली, जशी ऐकली तशी. श्लोक नाही, राजा नाही.  बायकांत शकुनताई बसल्या होत्या, स्वतः पणजी झालेल्या, केस पांढरे. आधी त्यांना कळलंच नाही की हे आपल्याबद्दल चाललंय. कळलं तेव्हा त्यांनी वाकून आपल्या पायांकडे पाहिलं. मग पदर तोंडावर घेतला, आणि त्यांच्या आईनं त्यांना जवळ ओढलं.

विश्वंभरनं “आज कोणकोण त्या धुऱ्यानं आलं?” एवढं विचारलं. हात वर होत गेले. माझाही होता. पुढे त्याला बोलता येईना. त्यानं हात जोडले आणि उठला. पाच मिनिटंही झाली नसतील. पखवाज माझ्या मांडीवर तसाच राहिला.

पंगती उठल्यावर आम्ही मठात परतलो, त्याच वाटेनं, पायी. बुवा आत गाभाऱ्याच्या दाराशी बसले होते. विश्वंभर अंगणातच थांबला.

“बुवा, माझं प्रवचन झालं नाही. तुमचं नाव घालवलं मी...”

 गावात काय झालं ते बुवांपर्यंत केव्हाच पोचलं होतं.

विश्वंभरनं खाली पाहिलं. घोट्यापर्यंत काळी माती वाळली होती. सवयीनं तो तांब्याकडे वळला.

“राहू दे,” बुवा म्हणाले. “आज पाय नको धुऊ. असाच आत ये.”