ठकूबाईच्या ओटीतले बी

प्रवरेच्या काठी निंबखेडे नावाचे लहानसे गाव आहे. गावाच्या उगवतीला ख्रिस्ती मंडळींची चौदा घरे आणि मधोमध शेणाने सारवलेले प्रार्थनेचे मंदिर. शांतवनमहाराजांचा मुक्काम वर्षातून दोनदा तिथे पडे. अंगात जाडाभरडा अंगरखा, गळ्यात लाकडी क्रूस, हातात एकतारी. महाराज आले की घरोघरच्या चुली लवकर विझत आणि मंदिरात कीर्तन रंगे.

याच मंडळीत ठकूबाई ही विधवा राहत होती. दोन एकर काळी जमीन आणि एकच बैल. पेरणीला ती शेजारच्या लाजरसबरोबर सावड करी. त्याचा एक बैल, हिचा एक. तिला वाचता येत नसे. दर मुक्कामाला महाराज तिला एकच विचारीत, “ठकूबाई, या खेपेला विश्वासाला कशाची जोड दिलीस?”

एका वर्षी ती म्हणाली होती, “महाराज, शिव्या सोडल्या.” दुसऱ्या वर्षी म्हणाली, “राग आला की विहिरीवर जाऊन येते. येईस्तोवर निम्मा उतरतो.” लोक हसत. महाराज हसत नसत. ते म्हणत, “विश्वास म्हणजे बी. मडक्यात झाकून ठेवलं तर किडे खातील. तू पेरतेस, हे बरं करतेस.”

ठकूबाईचा चुलत दीर सिलास मंडळीत शास्त्र वाची. आवाज गोड, बोलण्याची ऐट मोठी. आदल्या वर्षी त्याची सहा वर्षांची रूथ तापाने गेली. तेव्हापासून तो नदीकाठी एकटा बसू लागला. मग भाद्रपदातल्या एका रविवारी तो मंडळीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, “मला दर्शन झालं. दसऱ्याआधीच्या रविवारी प्रभू येणार. आपली गेलेली माणसं आपल्याला परत भेटणार. आता शाळू पेरायचा कशाला? घरातलं बी आणा, रांधा, एकत्र बसून खाऊ. ज्याच्या मडक्यात बी उरेल, त्याचा विश्वास उणा.”

ज्यांची माणसे गेली होती ते रडू लागले. कोणाला नाही म्हणवेना. हळूहळू मंडळीची घडी विसकटली. पोरांना शाळेत कोणी धाडीना, आजाऱ्याकडे कोणी जाईना. ‘आता थोडेच दिवस उरलेत’ म्हणत दोघातिघांनी सोडलेली दारू पुन्हा धरली.

ठकूबाईला काही सुचेना. महाराज तेव्हा तीन कोसांवरच्या वाडीत होते. ती चालत तिथे गेली आणि सगळे सांगून म्हणाली, “सिलास लबाड आहे का, महाराज?”

महाराजांनी हातातली एकतारी बाजूला ठेवली. मग म्हणाले, “तो पोळलेला आहे, बाई. पण पोळलेला माणूससुद्धा दुसऱ्यांना आडवाटेला नेऊ शकतो. शिकवण पारखायची तर ती ऐकून माणसं काय करायला लागली ते बघ. प्रभू येणार हे खरंच. तो येईल तेव्हा तू पेरणीच्या पाभरीमागे चालत असलीस, तरी त्याला राग यायचा नाही.”

ठकूबाई परतली. राखेत घोळवलेले दोन पायल्या बी तिने मडक्यातच ठेवले. जेवणावळीच्या दिवशी ती रिकाम्या हाताने आली, तेव्हा सिलास सगळ्यांदेखत म्हणाला, “वहिनी, स्वर्गात ज्वारी पेरणार की काय?” पंगत खदखदून हसली. लाजरसही हसला. त्याने बैल द्यायला आधीच नकार दिला होता, म्हणून तिचे शेत तसेच पडून होते. जिभेवर आलेला शब्द तिने गिळला आणि पाणी वाढू लागली.

तो रविवार उजाडला. मंडळी पांढरे कपडे घालून नदीच्या वाळवंटात बसली. दुपार झाली, ऊन कलले, गुरे परतली. एकेक जण उठून मुकाट्याने घरी गेला. सिलासने दार लावून घेतले, ते दुसऱ्या दिवशीही उघडले नाही.

आता लोकांचे डोळे उघडले. जमिनीतली ओल उडत चालली होती. फार तर पाच दिवस पेरणीजोगा वापसा राहिला असता, आणि बी तर पोटात गेले होते. तेवढ्यात महाराज आले. त्यांनी कोणाला रागे भरले नाही. मंदिरात सगळ्यांना बसवून एवढेच विचारले, “बी कोणाकडे आहे?”

सगळ्यांच्या माना ठकूबाईकडे वळल्या.

ती म्हणाली, “दोन पायल्या आहे, महाराज. माझ्या शेतापुरतंच. मूठमूठ वाटलं तर कोणाचंच शेत पेरून व्हायचं नाही.”

“खरं आहे,” एवढेच महाराज म्हणाले.

त्यांनी आज्ञा केली असती तर तिला सोपे गेले असते. तिला पंगतीतले हसणे आठवले. वर्षभराची भाकर आठवली. ती उठून विहिरीवर गेली. तिथून घरी जाऊन परतली तेव्हा तिच्या डोक्यावर बियाण्याचे मडके होते. “आधी लाजरसचं शेत,” ती म्हणाली.

महाराजांनी मडक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. लाजरसने खाली मान घालून बैल जुंपले. ठकूबाईने ओटीत बी घेतले आणि पाभरीमागे चालत, बी नळ्यांतून मातीत उतरवणाऱ्या चाड्यात मूठ सोडू लागली. लाजरसचे शेत संपले. तिने ओटीत हात घातला, तर बी होते तेवढेच! ती महाराजांकडे पाहत राहिली. महाराज म्हणाले, “चाल, बाई. ओल थांबायची नाही.”

चार दिवसांत बारा शेते पेरून झाली. पाचव्या दिवशी तिचे आणि सिलासचे अशी दोनच राहिली. सिलासच्या बांधावर तिचे पाय अडले. इतरांना देताना वाटले नव्हते, इतके जड आता वाटले. मग बांधापलीकडे उभी असलेली सिलासची बायको मार्था तिला दिसली. ती पदर तोंडाला लावून जमिनीकडे पाहत होती. ठकूबाई बांध ओलांडून आत गेली.

पाभरीचा आवाज ऐकून सिलास बाहेर आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. पाभरीची दोन तासे मातीत उमटेपर्यंत तो नुसता पाहत होता. मग वहिनीच्या पुढे येऊन म्हणाला, “स्वप्नात रूथ दिसली होती, ते खरं. दिवस मात्र मी माझ्या मनाचा घातला. एवढा काळ वाट बघवेना.”

ठकूबाईच्या डोळ्यांत पाणी आले. ती म्हणाली, “पाभर धर, सिलास. लाजरस दमलाय.”

सिलासने पाभर धरली. त्याचे शेत पेरून झाले, मग तिचे. ऊन उतरले तेव्हा तिच्या शेतातले शेवटचे तास पडले आणि ओटीतली शेवटची मूठ चाड्यातून मातीत गेली. तिने ओटी झटकली. एक दाणाही उरला नव्हता.

सिलास बांधावर उभ्या असलेल्या महाराजांच्या पाया पडायला वाकला. महाराजांनी त्याला खांद्याला धरून उठवले आणि म्हणाले, “प्रभूचा दिवस प्रभूकडे राहू दे. तोवर रूथसाठी रडायचं असेल तर आमच्यात बसून रड.” मग सिलास त्याच ओल्या तासात ठकूबाईपुढे गुडघ्यांवर बसला आणि त्याने मातीला कपाळ टेकले.